टेस्टस्टँडमध्ये सबसिक्वेन्स नेमके कोणत्या क्रमाने चालले?

अहवालातला क्रम हाच प्रत्यक्ष क्रम, असं धरून चालू नका. टेस्टस्टँड (चाचण्या आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) सबसिक्वेन्सचे, म्हणजे एका सिक्वेन्समधून (स्टेप्सच्या मालिकेतून) बोलावलेल्या दुसऱ्या सिक्वेन्सचे निकाल त्याला बोलावणाऱ्या स्टेपच्या आत ठेवतं. काही सबसिक्वेन्स वेगळ्या थ्रेडमध्ये (म्हणजे समांतर) चालत असतील, तर वरून खाली वाचून वेळेचा क्रम कळत नाही. प्रत्येक निकालासोबत ‘स्टार्ट टाइम’ नोंदलेला असतो (इंजिन सुरू झाल्यापासूनचे सेकंद). त्यावरून निकाल लावून घ्या.

मला त्याहून भरवशाची वाटते ती स्वतःची नोंद. प्रत्येक सबसिक्वेन्सच्या ‘सेटअप’ गटात (सर्वांत आधी चालणाऱ्या स्टेप्समध्ये) पहिलीच स्टेप अशी ठेवा, की चालू सिक्वेन्सचं नाव आणि वेळ एका स्ट्रिंग अ‍ॅरेच्या (मजकुराच्या यादीच्या) शेवटी जोडली जाईल. नाव हाताने टाइप करू नका, ‘रनस्टेट’मधून (चालू सिक्वेन्सची माहिती टेस्टस्टँड जिथे ठेवतं तिथून) घ्या, नाहीतर सिक्वेन्स कॉपी केला की जुनं नाव तसंच राहतं आणि नोंदच दिशाभूल करते. प्रीकंडिशनमुळे (आधी घातलेली अट पूर्ण न झाल्याने) वगळलेला कॉल या यादीत येत नाही, आणि तेच तर हवं असतं.

अ‍ॅरे ‘फाइल ग्लोबल्स’मध्ये (एका सिक्वेन्स फाइलपुरत्या व्हेरिएबल्समध्ये) ठेवला, तर दुसऱ्या फाइलमधल्या सबसिक्वेन्सला तो दिसणार नाही. तेव्हा तो पॅरामीटर म्हणून, बाय रेफरन्स (प्रत नाही, मूळ अ‍ॅरेच) पाठवा. समांतर थ्रेड असतील तर लिहिण्याआधी लॉक लावा, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड लिहील.