झाडाच्या मुळात काहीतरी सापडलंय? आधी पहार खाली ठेवा, मग या चुका टाळा

पावसाळा लागला की माझा फोन सुरू होतो. कुठल्यातरी सोसायटीतलं जुनं झाड आडवं होतं, मुळं मातीसकट वर येतात, त्यात एखादा विचित्र दगड नाहीतर गंजका गोळा नाहीतर नक्षीसारखं काहीतरी अडकलेलं दिसतं, आणि तासाभरात फोटो येतो, "ताई हे काय आहे, अर्जंट सांगा". फोटोत काय, तर किचनचं सिंक, घासूनपुसून चकचकीत केलेला दगड आणि कोणाचातरी अंगठा. झाड कुठेय, खड्डा कुठेय, माती कुठेय? मला ज्या गोष्टी बघायच्या होत्या त्या सगळ्या आधीच गेलेल्या असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

उपटून काढायची घाई

हिच्याबद्दल जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या बऱ्याच चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

मालाडच्या पुढे एक गावठाण आहे, तिथे वडाच्या पारामागे मुळांच्या जाळ्यात एक काळा दगड अर्धा गाडलेला होता. लोक त्याच्यावर चपला काढून पाराला नमस्कार करायचे, इतकं त्याच्याकडे लक्ष. मग पाराला टाइल्स लावायचं काम निघालं आणि मंडळातल्या कोणालातरी दगडाच्या वरच्या टोकाला चंद्र-सूर्य कोरलेले दिसले. झालं. चंद्र-सूर्य म्हणजे गुप्तधनाची खूण, असं एका काकांनी छातीठोकपणे सांगितलं, आणि त्याच रात्री पोरांनी पहार घातली. मूळ आड येत होतं म्हणून मूळ तोडलं, तरी हलेना म्हणून दोन्ही बाजूंनी पहारी लावल्या आणि दगड बरोब्बर मधे फुटला, म्हणजे जिथे अक्षरं होती तिथेच. खाली धन वगैरे काही नाही, नुसती ओली माती. मग दोन्ही तुकडे वायर ब्रशने घासून काढले, का ते कोणालाच सांगता आलं नाही, आणि त्यानंतर मला फोन.

शिलालेख वाचणारे ओळखीचे एक सर होते, त्यांना घेऊन गेले. सरांनी दगडाला हात लावायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या. दगडाचं तोंड कुठल्या दिशेला होतं? जमिनीत किती होता? बुडाशी चिरे होते की मातीतच रोवलेला? कार्यकर्ते म्हणाले, "सर, आता पूर्ण बाहेर काढलाय ना, नीट बघून घ्या की." सरांनी चहासुद्धा घेतला नाही.

तो गधेगाळ होता. आपल्या कोकणपट्टीत आणि साष्टीत, म्हणजे आताच्या मुंबई उपनगर-ठाण्याच्या भागात, शिलाहार राजांच्या काळापासून हे दगड मिळतात. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत हे दान चालू राहो, मधे दानाचा मजकूर, आणि खाली गाढव आणि बाई, म्हणजे जो हे दान मोडेल त्याला दिलेली शिवी. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा म्हणतात तो, त्यातही अशीच शापवाणी आहे. आता विचार करा, जमीन दान दिली आणि त्या जमिनीत हा दगड रोवला, तर तो उभा कुठे होता आणि कुठे तोंड करून होता हा अर्धा मजकूरच झाला ना? तो अर्धा पहारीने गेला, आणि कोरलेल्यातला बराचसा वायर ब्रशने. गंमत म्हणजे दगडावर चक्क लिहिलेलं असतं की याला हात लावाल तर खबरदार.

माझी सवय सांगते, हिला पद्धत वगैरे म्हणू नका. काही दिसलं की मी आधी दहा पावलं मागे जाते आणि लांबून फोटो काढते, ज्यात झाड येईल आणि झाडाबरोबर न हलणारं काहीतरी येईल, विजेचा खांब, गेट, बिल्डिंगचा कोपरा. मग जवळून चारही बाजूंनी, आणि प्रत्येक फोटोत दहा रुपयांचं नाणं, कारण ते २७ मिलिमीटरचं असतं आणि सगळ्यांच्या खिशात असतं. कागदावर वाकडंतिकडं स्केच, उत्तर दिशेचा बाण, तारीख. फोनचं लोकेशन ऑन. आणि हो, व्हॉट्सॲपवर फोटो नुसता पाठवला की त्यातलं लोकेशन उडतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अक्षरं वाचायची असतील तर पीठ, हळद, खडू काही फासायचं नाही, अंधार पडला की टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, दिवसा सपाट वाटणारी अक्षरं सावलीने उठून दिसतात. एवढं करायला अर्धा तास लागत नाही, पण रील टाकायची घाई असलेल्यांना तो अर्धा तास फार मोठा वाटतो.

मुळं तोडू नका हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. मुंबईत झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. आणि कायदा सोडा, ज्या बाजूची जाड मुळं तुम्ही कापली त्या बाजूचा आधार गेला, पुढच्या पावसात ते झाड कोणाच्यातरी गाडीवर.

"मुळांनी गिळलंय म्हणजे हजार वर्षं जुनं"

अजिबात नाही. वड-पिंपळ काही दशकांत लोखंडी रेलिंगसुद्धा पोटात घेतात, कुठल्याही जुन्या फुटपाथवर जाऊन बघा. आधी झाड कुठलं आहे ते तरी बघा. गुलमोहर मादागास्करचा आणि रेन ट्री दक्षिण अमेरिकेकडचा, ही झाडं इथे आणून लावलेली आहेत, त्यांच्या मुळात अडकलेल्या वस्तूवरून लगेच "शिलाहारकालीन" म्हणायचं म्हणजे कमालच आहे. दुसरं म्हणजे ही मुंबई आहे, अर्धी भरावावर उभी. खाडी बुजवताना, कंपाउंड उचलून घेताना कुठकुठली माती ट्रकने येते, तिच्याबरोबर दगड, कौलं, बाटल्या, गंजलेले पाइप सगळं येतं. वस्तू जुनी असेलही, पण ती इथलीच आहे कशावरून?

चुंबक चिकटलं म्हणजे उल्का

या चुकीवर माझा विशेष राग आहे. दर सीझनला कोणीतरी काळा जड दगड घेऊन येतो, फ्रिजचं मॅग्नेट लावून दाखवतो आणि किंमत विचारतो. किंमत आधी, ओळख नंतर.

अहो, आपण बसलोय तो अख्खा दगडच काळा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात, त्यामुळे जोरदार मॅग्नेट साध्या बेसॉल्टलाही थोडंफार ओढ घेतं. आणि ज्याला खूपच चिकटतं तो बहुतेक वेळा स्लॅग निघतो, म्हणजे भट्टीतला लोखंडाचा मळ. मुंबईत फाउंड्र्या, वर्कशॉप, रेल्वे यांनी पिढ्यानपिढ्या हा मळ फेकलाय, तोच पुढे भरावात गेला. स्लॅगला बुडबुड्यांची भोकं असतात, कुठेकुठे काचेसारखी चमक. उल्केत अशी भोकं जवळपास नसतातच. उल्केवर पातळ काळं कवच असतं आणि बहुतेक दगडी उल्का आतून फिकट राखाडी असतात. घरी करण्यासारखी एकच गोष्ट, टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगडाचा कोपरा घासा. लालसर तपकिरी रेघ आली तर हेमटाइट (तेही लोहखनिजच), काळी-करडी आली तर मॅग्नेटाइट, दोन्हींत उल्का विसरा. रेघ आली नाही म्हणून लगेच पेढे वाटू नका, ताज्या बेसॉल्टचीही धड रेघ येत नाही. आणि नमुना फोडून बघायचा नाही, हातोडीने दोन तुकडे करून "आत काय आहे ते बघितलं" म्हणणारे लोक मला सहन होत नाहीत.

तोच नियम हिऱ्यांना. बेसॉल्टच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, झिओलाइट यांचे सुंदर पांढरे स्फटिक असतात. काच ओरखडली म्हणून हिरा ठरत नाही, गारगोटीनेही काच ओरखडते.

गोल आहे, षटकोनी आहे, म्हणजे माणसानेच केलंय

अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघून या, जवळपास ६१ मीटर उंच सरळसोट खांब, आणि एकालाही छिन्नी लागलेली नाही. लाव्हा थंड होताना आकसतो आणि असे बाजू असलेले खांब पडतात. तसेच ते "तोफेचे गोळे". बेसॉल्टला तडे जातात, कोपरे आधी झिजतात, आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत आत गोल गड्डा उरतो. गोरेगावचं आरे काय, बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कडेला काय, रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसला की असे गोळे मातीत बसलेले असतात. गोळ्याभोवती सुटे पापुद्रे दिसले की ती तोफ निसर्गाची. पिवळट दगड दिसला तर तो मालाड स्टोन असू शकतो, शहरातल्या कितीतरी जुन्या इमारती त्याच्या आहेत. आणि काळ्या दगडावर V किंवा X कोरलेलं दिसलं तर तो गुप्त संकेत समजू नका, ब्रिटिशांच्या काळातले मैलाचे दगड आहेत हे, फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजलेले, रोमन आकड्यांत. बरेचसे फुटपाथच्या थरांखाली नाकापर्यंत बुडालेत.

बाकीच्या, पटापट

मुळांच्या फटीत हात घालू नका, घोणस आणि मण्यार दोघींना ती जागा आवडते, काठीने आणि टॉर्चने बघा.

पायाला जखम असताना चिखलात उतरलात आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला दाखवा, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, आहे मुंबईत.

तांब्याचं नाणं चिंचेने उजळवू नका. हिरवा थर गेला की त्याबरोबर अक्षरंही जातात.

लाकूड किंवा चामडं ओलं निघालं तर ओलंच ठेवा, पंख्याखाली वाळवलं की तडकतं.

ॲपने काय सांगितलं ते मला पाठवू नका. फोटो पाठवा.

लोकेशन ग्रुपवर टाकू नका, रात्री कोणीतरी फावडं घेऊन पोचतंच. आणि लिंबू, कोंबडं, अमावस्या असलं सांगणारा मांत्रिक उगवला तर सरळ पोलीस, गुप्तधनाच्या नावाखाली केलेले अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात येतात.

शेंदूर लावू नका. एकदा शेंदूर, दुसऱ्या दिवशी हार, महिन्याभरात पत्र्याची शेड, आणि मग त्या दगडाचा अभ्यास करायला गेलं की भांडणं. श्रद्धेला माझी ना नाही, पण आधी फोटो तर काढू द्या.

उलट टोकाची चूक, "काही नसेल" म्हणून डेब्रिजच्या ट्रकमध्ये फेकणं. परळची ती प्रचंड शिवमूर्ती १९३१ साली रस्त्याच्या कामात मिळाली, आज बारादेवी मंदिरात आहे, सहाव्या शतकातली. तेव्हाच्या मुकादमाने खडी समजून फोडली असती तर?

गंजका, जड, निमुळता धातू

इथे माझी सगळी नाण्याची आणि स्केचची बडबड विसरा. हात लावू नका, फोटोसाठीही वाकू नका, लांब जा, बाकीच्यांना लांब करा आणि ११२ ला फोन करा, बॉम्बशोधक पथक येईल. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, त्यातल्या सोन्याच्या विटांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत, पण त्याच जहाजात दारूगोळा होता हे सोयीस्कर विसरतात. जुना झाला म्हणून तोफगोळा निवृत्त होत नाही. ते ठोकून बघणारे महाभाग भेटलेत मला, नशीब त्यांचं.

घरी नेऊन ठेवणं, विकणं

नॅशनल पार्कातून दगड उचलायचा नाही, वन्यजीव कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी कोरीव वस्तू किंवा नाणं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, लायसन्सशिवाय त्यांचा धंदा करता येत नाही, ऑनलाइन जाहिरात टाकणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. आणि जमिनीत लपलेली मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ चा निखात निधी कायदा, त्यातली मर्यादा ऐकून हसू येईल, दहा रुपये. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही असेल तर कलेक्टरला लेखी कळवायचं.

पत्र साधं असतं. काय सापडलं आणि अंदाजे किंमत किंवा संख्या, कुठे सापडलं, कुठल्या तारखेला. किंमत कळत नसेल तर तसं लिहा, आकडा फुगवू नका. उपनगरात राहत असाल तर वांद्र्याचं उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, शहरात असाल तर शहरचं. एक कॉपी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला, ते फोर्टात सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे. सोबत नाणं ठेवून काढलेले फोटो जोडा, आपल्या कॉपीवर पोच मारून घ्या, शिक्का तारखेसकट.