पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत: या चुका टाळा

फौजदारी प्रकरणात माणूस अडकला की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. मेहुणा, शेजारी, गावचा पोलीस पाटील, कोर्टाच्या आवारातला चहावाला, सगळ्यांना कायदा तोंडपाठ! फक्त हातात मिळालेला कागद कोणी वाचत नाही. तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना ज्या चुका रोज दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ तिथंच सापडतं. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), एफआयआर, नोटीस, रिमांड (कोठडीचा आदेश), समरी (तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल), प्रत्येक टप्प्याचा कागद वेगळा आणि तो मिळाल्यावर करायचं कामही वेगळं.

कलमांचं आधी सांगून टाकतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुन्या दंड संहितेचीच कलमं लागतात, म्हणून कोर्टात अजून दोन्ही आकडे ऐकू येतात. ‘चारशेवीस’ आता ३१८(४) आहे, ‘तीनशे दोन’ १०३(१).

एनसी घेऊन गप्प बसणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं. बांधावरून भांडण झालं, शिवीगाळ झाली, दोन थपडा बसल्या. ठाण्यात जाऊन तक्रार दिली, कागद मिळाला, ‘केस टाकली’ म्हणून घरी आले. वर्ष उलटल्यावर विचारतात, “साहेब, आमच्या केसचं काय झालं?” काही झालेलं नसतं, कारण केस झालेलीच नसते.

तो कागद काढून बघा. वर ‘अदखलपात्र’ असा शब्द असतो आणि खाली, बहुतेकदा शेवटच्या ओळीत, तक्रारदाराला कोर्टात दाद मागण्याची समज दिली, अशा अर्थाचं वाक्य. ते वाक्य म्हणजे पोलिसांनी हात वर केलेत, आणि कायद्यानं त्यांना ते करावंच लागतं. साधी मारहाण (जुनं ३२३, आता ११५(२)) किंवा चिथावणीखोर अपमान (जुनं ५०४, आता ३५२) हे अदखलपात्र गुन्हे. त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. दखलपात्र गुन्ह्यात मात्र त्यांनी एफआयआर नोंदवून थेट तपास सुरू करायचा असतो.

एनसी मिळाल्यावर दोन रस्ते आहेत. तपासाचा आदेश मिळावा म्हणून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, नाहीतर स्वतःच कोर्टात खासगी फिर्याद दाखल करायची. दोन्हींत मुदतीचं भान ठेवा. साध्या मारहाणीला शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची, म्हणून कोर्टात येण्याची मुदतही एक वर्ष. एनसी कपाटात घालून दीड वर्षानं आलात, तर आधी उशीर माफ करून घेण्यापासून सुरुवात.

याला जोडूनच दुसरी चूक, दवाखान्याची. मार लागला की लोक जवळच्या खासगी डॉक्टरकडे जाऊन टाके घालून घेतात आणि डॉक्टरला सांगतात, “पडलो म्हणून लिहा.” पोलिसांची भानगड नको, म्हणून. मग केसपेपरवर ‘पडल्यामुळे जखम’ राहतं आणि कोर्टात तेच समोर येतं. पोलिसांकडून मेडिकल यादी (वैद्यकीय तपासणीसाठीचं पत्र) घेऊन सरकारी रुग्णालयात जा. मार कशानं, कुठं लागला ते डॉक्टरांना सांगा, आणि दात हलत असेल तर तेही दाखवा. हाड मोडलं, दात तुटला किंवा निखळला, तर ती कायद्यानं ‘गंभीर दुखापत’ होते आणि गुन्हा दखलपात्र होतो. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तरीही. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. काठी-कुऱ्हाडीसारखं हत्यार वापरलं असेल तर कलम आणखी बदलतं. एनसी की एफआयआर, याचा निकाल अनेकदा त्या एका वैद्यकीय दाखल्यावर लागतो.

तक्रार अर्जाला एफआयआर समजणं

साध्या कागदावर लिहिलेला अर्ज ठाण्यात दिला, आवक शिक्का घेतला, म्हणजे गुन्हा नोंदला गेला असं नाही. एफआयआरला गुन्हा रजिस्टर नंबर असतो, कलमं असतात, तपास अधिकाऱ्याचं नाव असतं. त्याची प्रत फिर्यादीला लगेच आणि मोफत द्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. मागून घ्या. झेरॉक्सचेसुद्धा पैसे द्यायचे नाहीत.

मोबाइल चोरीला गेला की हा घोळ हमखास होतो. बसच्या गर्दीत खिशातून फोन काढला गेला, तरी ठाण्यात ‘गहाळ’ म्हणून नोंद करून दाखला हातात देतात. सिमकार्ड नव्यानं घ्यायला तो पुरतो, चोराला शोधायला नाही. चोरी झाली असेल तर अर्जात ‘चोरी’ असंच लिहा.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट केलं. नव्या कायद्यात तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. “अर्ज चौकशीवर आहे” असं उत्तर मिळालं, तर कधीपासून ते विचारा. “आमच्या हद्दीत येत नाही” हे कारणही आता चालत नाही. गुन्हा कुठंही घडलेला असो, शून्य क्रमांकानं नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवावा लागतो. ऑनलाइन माहिती दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करायला विसरू नका.

ठाण्यात नकार मिळाला, तर भांडत बसण्यात अर्थ नाही. तोच मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, पोच जपून ठेवा. तिथंही काही झालं नाही, तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. मधली पायरी गाळून थेट कोर्टात आलेले अर्ज या एकाच कारणासाठी अडकतात.

फिर्यादीत सगळं घर गोवणं

मारणारे दोघं असतात आणि फिर्यादीत नावं नऊ जणांची येतात. पुण्यात नोकरीला असलेला भाऊ, अंथरुणाला खिळलेली आई, सगळे ‘हातात काठ्या घेऊन’ आलेले. त्या दिवशी राग भागतो, पण उलटतपासणीत भाऊ कामावर हजर असल्याची नोंद पुढं आली की खऱ्या दोघांवरचाही विश्वास उडतो. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. उशिरा गेलात तर उशीर का झाला ते फिर्यादीतच लिहून घ्या. मजकूर वाचून झाल्याशिवाय सही करू नका. चष्मा घरी राहिला असेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

नोटीस आली की पळणं

आता दुसरी बाजू. ज्याच्यावर आरोप आहे, त्याच्या घरी पोलिसांची नोटीस येते आणि तो मामाच्या गावी निघून जातो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस (जुनं ४१ अ) म्हणजे चौकशीला हजर राहण्याचं बोलावणं, अटक नव्हे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं, तेव्हापासून ही नोटीस नेहमीची झाली. बोलावलं तेव्हा हजर राहिलात, तर सहसा अटक होत नाही. करायची झाल्यास पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. पळालात, तर ती कारणं तुम्हीच पुरवता. ही नोटीस व्हॉट्सअॅपवरून बजावता येत नाही, असं जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. तरीही मेसेज आला तर वकिलाला दाखवा, दुर्लक्ष नको.

आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून बसलेला, मागं पोलीस खात्याचं बोधचिन्ह लावलेला माणूस पैसे मागत असेल तर तो भामटा आहे. फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

खरी अटक झाली, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. अटकेची कारणं सांगावी लागतात, घरच्यांना कळवावं लागतं. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही; अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घ्यावी लागते. कोऱ्या कागदावर सही करू नका. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, पण त्यातल्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली तर तेवढा भाग चालतो. “कबूल कर, सोडून देतो” यावर विसंबू नका. ठाण्यात मारहाण झाली असेल तर ती सांगायची जागा म्हणजे मॅजिस्ट्रेटचा पहिला प्रश्न: “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” बहुतेक जण घाबरून मान हलवतात आणि रोजनाम्यात ‘तक्रार नाही’ नोंदलं जातं.

एमसीआर ऐकून रडणं

रिमांडच्या दिवशी कोर्टाबाहेर नेहमी दिसणारं दृश्य. “तीन दिवस पीसीआर” ऐकून घरचे गप्प राहतात आणि तीन दिवसांनी “चौदा दिवस एमसीआर” ऐकून आई हंबरडा फोडते. आकडा मोठा ना! खरं तर उलटं आहे. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, चौकशी चालू. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि ती मिळाली की जामिनाचा अर्ज टाकायचा रस्ता मोकळा होतो. चौदा दिवस ही पुढच्या हजेरीची तारीख, शिक्षा नव्हे. नव्या संहितेत पोलीस कोठडीचे एकूण पंधरा दिवस पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यांनी मागता येतात, म्हणून एमसीआरनंतरही पोलीस पुन्हा ताबा मागू शकतात. मात्र तेवढ्या एका कारणासाठी जामीन नाकारता येत नाही.

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्कच आहे आणि ठाण्यातच टेबल जामीन होतो. त्यासाठी कोणाला ‘मध्यस्थी’ करायला पैसे देऊ नका.

जामीन मंजूर झाला तरी माणूस चार-चार दिवस आत राहतो, तो जामीनदारापायी. आदेशात रक्कम वाचा, जामीनदार एक की दोन ते बघा. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि फोटो आधीच तयार ठेवा. ऐपतीचा दाखला मागितला तर तहसीलदाराकडे हेलपाटा पडतो. तोवर रोख जामिनावर सोडण्याची विनंती करता येते. कोर्टाच्या फाटकाशी भाड्यानं मिळणारा जामीनदार मात्र टाळा. त्याचे कागद बनावट निघाले की नवा गुन्हा तुमच्या पदरात पडतो.

तपास साठ दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत पुरा होऊन दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण अर्ज करावा लागतो. मुदत उलटलेल्या दिवशी कोणी अर्ज टाकला नाही आणि दुसऱ्या दिवशी दोषारोपपत्र आलं, तर हक्क गेला. दिवस मोजणं घरच्यांनीही करावं, सगळं वकिलावर सोडू नये.

जामिनावर सुटणं म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे. तारखेला जाता येणार नसेल तर वकिलामार्फत हजेरीमाफीचा अर्ज द्या. नाहीतर आधी जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अजामीनपात्र. अजामीनपात्र वॉरंट निघालं की लपून न बसता स्वतः कोर्टात हजर व्हा आणि ते रद्द करून घ्या.

“केस मागे घेतो”

भांडण मिटलं, गावातल्या चार लोकांनी पेढे वाटले, फिर्यादी ठाण्यात जाऊन “केस मागे घेतो” म्हणतो. एफआयआर झाल्यावर खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ असा चालतो, फिर्यादी त्यात साक्षीदार असतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मधल्या, तडजोड करता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीतला गुन्हा असेल तर कोर्टात तडजोड नोंदवता येते, काही गुन्ह्यांत त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. यादीबाहेरचा असेल तर उच्च न्यायालयात एफआयआर रद्द करण्यासाठी अर्ज करावा लागतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागायची; ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. ही खटपट टाळून साक्षीच्या दिवशी ‘मला काही आठवत नाही’ म्हणणारे फितूर साक्षीदार पुष्कळ. शपथेवर खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे मिटवणारे चार लोक सांगत नाहीत.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी एकट्यानं उभं राहू नये. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतल्या कोणालाही विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. हेल्पलाइन १५१००.

समरीची नोटीस न वाचणं

फिर्यादीला एक दिवस कोर्टाची नोटीस येते: पोलिसांनी ‘ब समरी’ पाठवली आहे, म्हणणं मांडा. बरेच जण ती दिवाणी कामाची समजून ठेवून देतात. ‘अ समरी’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. ‘ब’ मंजूर झाली तर खोटी फिर्याद दिल्याबद्दल तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. अहवाल मंजूर करण्याआधी फिर्यादीचं ऐकून घ्या, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगितलं आहे. नोटीस मिळताच समरीच्या कागदांच्या नकला मागा, कोणत्या साक्षीदाराचा जबाब घेतलाच नाही, कुठलं सीसीटीव्ही चित्रण मागवलं नाही ते नेमकं लिहा आणि दिलेल्या तारखेच्या आत लेखी हरकत दाखल करा.