शाळेनं प्रवेश नाकारला? इंदूरमध्ये तक्रार कुठं आणि कशी करायची

मंगळवारी मोती तबेल्याला, कलेक्टर ऑफिसात, जनसुनावणीत जा, कलेक्टरांना भेटा, हा सल्ला रामबागेतला प्रत्येक काका देतो. तिथं अर्जावर डीईओंच्या, म्हणजे जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या, नावाचा शेरा पडतो आणि कागद खाली जातो. मग सरळ डीईओंकडेच का जाऊ नये?

आधी तक्रार कशाची ते ठरवा. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांत लॉटरी लागूनही शाळा परत पाठवत असेल, तर डीपीसी, म्हणजे जिल्हा परियोजना समन्वयक. डोनेशन मागितलं, किंवा मुलाची वा आईवडिलांची मुलाखत घेतली, तर डीईओ. फीवाढ असेल तर कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे का, तेही बघा. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तिला आरटीई लागू नाही.

आता खरी मेख. शाळा सगळं तोंडी सांगते. काउंटरवरच्या बाई मान वर न करता म्हणतात, "सीट फुल है", आणि नंतर चौकशीत शाळा लिहून देते की हे पालक आलेच नव्हते. मी इथंच सगळ्यात जास्त अडकले होते. त्यामुळे त्याच दिवशी प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहा: अमुक तारखेला प्रवेश मागितला, काउंटरवर असं सांगितलं, नकाराचं कारण लेखी द्यावं. शाळा पोच देणार नाही. वाद घालू नका. स्पीड पोस्टानं पाठवा, ईमेलही करा, आणि डिलिव्हरी झाल्याचा प्रिंट काढून ठेवा. उत्तर आलं नाही तरी हरकत नाही, पत्र मिळूनही शाळा गप्प बसली हे कागदावर येतं. डोनेशन रोख देऊन मग तक्रार करू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. विनापावतीचे पैसे कुणीही सिद्ध करू शकत नाही.

तक्रार हिंदीत, एकच पान. बस, कँटीन, टीचरचं बोलणं, यातलं काही नको. कलम लिहा: डोनेशन आणि मुलाखत दोन्हींना आरटीईचं कलम 13. डोनेशनला रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे, मुलाखतीला पहिल्या वेळी 25,000 पर्यंत, पुढे दर वेळी 50,000 पर्यंत. त्या ऑफिसच्या आवक शाखेत द्या, आपल्या प्रतीवर नंबर आणि तारीख घ्या.

सोबत 181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा. काही दिवसांनी गोड आवाजात फोन येतो, "मैडम, समस्या हल हो गई ना, बंद कर दें?" प्रवेश हातात पडल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

आरटीईच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही, तर भोपाळच्या बाल अधिकार संरक्षण आयोगाकडे अपील. आयोग माणसांना बोलावू शकतो, कागद मागवू शकतो. पण तो शिफारस करतो, प्रवेशाची चिठ्ठी देत नाही; तोवर डीईओंकडचा तगादा चालू ठेवा.