हेक्स: कडेला खेटून अडवू नका

ठाणे-वाशी लोकलमध्ये भाचा आणि मी मोबाइलवर हेक्स खेळतो, ११ बाय ११ च्या पटावर. षटकोनी घरांच्या या पटावर आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवायची; ज्याच्या सोंगट्यांची सलग साखळी त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा आधी जोडेल, तो जिंकला. ऐरोली यायच्या आत माझा निकाल लागलेला असायचा. चूक एकच: त्याची सोंगटी कडेजवळ आली की मी घाबरून तिला खेटूनच आपली ठेवायचो.

कडेपासून दुसऱ्या ओळीतल्या त्याच्या सोंगटीखाली कडेची दोन घरं मोकळी असली की ती जोडलीच समजा. तुम्ही एक घेतलंत, तो दुसरं घेतो. तिसऱ्या ओळीतही, आजूबाजूला पुरेशी मोकळी जागा असेल तर तेच. म्हणून तो पाचव्या-सहाव्या ओळीत असतानाच, मध्ये अंतर सोडून, आपल्या जुन्या सोंगटीच्या आधाराने अडवा.

तरी तो दुसऱ्या ओळीत आणि तुम्ही पहिल्या ओळीत, दोघं कडेने एकेक घर पुढे सरकताय, अशी शिडी लागलीच, तर आधी कडेने पुढे नजर टाका. तिथे त्याची कडेला जोडलेली सोंगटी असेल तर शिडी तिला मिळणार आणि खेळ संपला. दुसऱ्या ओळीत तुमची असेल तर शिडी तिथेच अडते. त्याला वळवायचं ते याच बाजूला.

भाचा म्हणतो, "मामा, हल्ली कोपरखैरण्यापर्यंत टिकतोस की!"