गाडीचा डिजिटल मीटर घरी बनवताना या चुका टाळा

स्क्रीनवर इंजिनचं तापमान उणे ४० अंश दिसलं तर इंजिन गोठलेलं नसतं, कोड फसलेला असतो. ओबीडीमध्ये, म्हणजे हा मीटर जिथून आकडे घेतो त्या गाडीच्या स्वयं-तपासणी यंत्रणेत, कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान एका बाइटमध्ये (० ते २५५ मधल्या एका आकड्यात) येतं आणि त्यातून ४० वजा करायचे असतात. गाडीकडून उत्तरच आलं नाही आणि कोडने ते शून्य धरलं, की स्क्रीनवर झळकतं −४०. बाइट २५५ धरला गेला तर २१५ अंश. आरपीएमचे (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचे) दोन्ही बाइट तसेच भरले तर १६३८३. हे तीन आकडे दिसले की सेन्सर बदलायला धावू नका, आधी आपला कोड उघडा.

मीटर अजिबात चालू झाला नाही तर तो दोष सापडतो. तो चालू आहे, आकडाही पटण्यासारखा आहे, पण खोटा आहे, हे मात्र महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. त्यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे शिळा आकडा. ब्लूटूथ तुटलं, उत्तरं थांबली, तरी स्क्रीन शेवटचं ८८ अंश दाखवत बसते आणि तिकडे रेडिएटरमधलं पाणी उकळत असतं. प्रत्येक आकड्यासोबत तो कधी आला ती वेळ साठवा. आरपीएम एका सेकंदापेक्षा जुना किंवा तापमान दहा सेकंदांपेक्षा जुनं झालं की आकडा पुसून तिथे दोन रेघा दाखवा. एवढ्या चार ओळी लिहायचा कंटाळा बरेच जण करतात.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते

ओबीडीच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा थेट पुरवठा असतो. चावी काढली तरी तो चालूच राहतो. स्क्रीन आणि मीटरचा कोड चालवणारा बोर्ड मिळून १०० मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला २.४ अँपिअर-अवर गेले. दहा दिवस गाडी उभी राहिली की २४. मधल्या आकाराच्या गाडीची बॅटरी ४५ च्या आसपास असते, म्हणजे निम्म्याहून जास्त संपली. शिवाय सतत प्रश्न विचारत राहिलात तर काही गाड्यांचे कंट्रोल युनिट (आतले छोटे संगणक) झोपतच नाहीत, आणि मग गळती तुमच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त होते.

उपाय सोपा आहे: मीटरने आधी फक्त व्होल्टेज बघावं. १३.२ च्या वर असेल तर अल्टरनेटर चालू आहे असं समजून गाडीशी बोलायला सुरुवात करावी. काही नव्या गाड्या चालू असतानाही चार्जिंग मुद्दाम कमी करतात, त्यामुळे बंद व्हायचं की नाही हे नुसत्या व्होल्टेजवर ठरवू नका. आरपीएम शून्य झाला किंवा उत्तरं थांबली, की मिनिटभर थांबून बोर्डला गाढ झोपेत टाका. किंवा सरळ फ्यूजबॉक्समधून इग्निशनसोबत चालू-बंद होणारी लाइन घ्या. मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यात कोड चुकायला जागाच नाही.

पुरवठ्याचीच दुसरी गंमत सेल्फ मारताना कळते. बारा व्होल्ट म्हणतात खरं, पण इंजिन चालू असताना ते १४ च्या पुढे असतात आणि स्टार्टर फिरताना ९ च्याही खाली येतात. त्या क्षणी बोर्ड रीसेट होतो. बोर्ड म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरला असेल तर तेवढ्यात एसडी कार्डावरची फाइल खराब होऊ शकते. ७८०५ रेग्युलेटर लावून पाच व्होल्ट काढणारेही भेटतात. १४ मधून ५ गेले की उरलेले नऊ व्होल्ट तो उष्णता म्हणून सोडतो. अर्धा अँपिअर करंट असेल तर साडेचार वॅट, म्हणजे हात लावला तर चटका. बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारा) घ्या, तोही ३० व्होल्टच्या पुढे टिकणारा. त्याआधी एक अँपिअरचा फ्यूज आणि उसळी शोषणारा टीव्हीएस डायोड हवाच. आणि डॅशबोर्डवर उन्हात लिथियम सेल ठेवायचा विचारही नको.

अडॅप्टर बोलत नाही

ओबीडी सॉकेटमध्ये बसून ब्लूटूथने आकडे पाठवणारे बाजारातले बहुतेक स्वस्त अडॅप्टर ईएलएम३२७ या चिपची नक्कल असतात. डब्यावर 'आवृत्ती १.५' लिहिलेलं असेल तर ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. नक्कल चालते, पण काही कमांडला प्रश्नचिन्ह परत येतं. म्हणून एखादी कमांड फसली तरी पुढे जाता येईल असा कोड लिहा.

ब्लूटूथ जुळतच नसेल तर आधी बोर्डाचं नाव नीट वाचा. साधा ईएसपी३२ बोर्ड जुनं क्लासिक ब्लूटूथ बोलतो. त्याचेच भाऊबंद एस३ आणि सी३ फक्त ब्लूटूथ लो एनर्जी बोलतात. क्लासिक अडॅप्टर आणि एस३ बोर्ड ही जोडी कितीही कोड बदलला तरी जुळणार नाही.

जुळलं, पण मध्येच 'स्टॉप्ड' असं उत्तर येतंय? मग तुम्ही घाई करताय. अडॅप्टर उत्तर पूर्ण झाल्यावर > हे चिन्ह पाठवतो. ते यायच्या आत पुढची कमांड टाकली की तो हातातलं काम सोडून देतो. ठरावीक मिलिसेकंद थांबण्याऐवजी त्या चिन्हाची वाट बघा. पहिल्या प्रश्नाला 'सर्चिंग' हा शब्दही उत्तरात मिसळून येतो, तो गाळा. 'नो डेटा' आलं तर तो आकडा तुमची गाडी देत नसेल. कोणते आकडे मिळतात हे ०१०० या प्रश्नाच्या उत्तरातल्या बिटांवरून कळतं. ते आधी वाचा आणि मगच स्क्रीनवर काय काय मांडायचं ते ठरवा.

गणित बरोबर आहे का हे गाडीशिवाय तपासता येतं. समजा उत्तर आलं ४१ ०सी १ए एफ८. हे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातले आकडे. पहिले दोन बाइट म्हणजे 'आरपीएमचं उत्तर'. १ए म्हणजे २६, एफ८ म्हणजे २४८. २६ गुणिले २५६ अधिक २४८, झाले ६९०४. भागिले चार, १७२६ आरपीएम. हीच ओळ कोडला खायला घाला. वेगळं काही निघालं तर बाइटांचा क्रम उलटा झालाय किंवा चाराने भागायचं राहिलंय.

अडॅप्टर नको, थेट कॅन हवं असेल तर

कॅन म्हणजे गाडीतले कंट्रोल युनिट ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात ती बस. पिन ६ कॅन-हाय, पिन १४ कॅन-लो. एमसीपी२५१५ या कॅन चिपचं तयार मॉड्युल घेतलं तर त्यावरचा क्रिस्टल (चिपला ठोके देणारा भाग) डोळ्यांनी बघा. त्यावर बहुधा ८ मेगाहर्ट्‌झ कोरलेलं असतं आणि लायब्ररीच्या उदाहरणात बऱ्याचदा १६ असतं. मग वायरिंग बरोबर, गाडी बरोबर, तरी एकही संदेश येत नाही. हा एक आकडा कित्येकांच्या रात्री खातो.

त्याच मॉड्युलवर १२० ओहमचं टर्मिनेशन (बसच्या टोकाला लावायचा रोधक) असतं. गाडीच्या बसला दोन्ही टोकांना ते आधीच आहे, म्हणूनच गाडी झोपलेली असताना ६ आणि १४ मध्ये मल्टिमीटर साधारण ६० ओहम दाखवतो. तुमचं तिसरं लागलं की तो ४० वर येतो. तेव्हा मॉड्युलवरचा जंपर काढा. बसचा वेग चुकीचा ठेवून संदेश पाठवायला जाऊ नका. चुकीच्या वेगाचा नोड (बसला जोडलेलं यंत्र) सगळ्यांच्या बोलण्यात अडथळा आणतो आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचे दिवे लागू शकतात. बहुतेक गाड्यांत ५०० किलोबिट असतो, काहींत २५०. आधी नुसतं ऐकण्याच्या मोडमध्ये दोन्ही तपासा. गेटवे (सॉकेट आणि आतली बस यांच्यामधला पहारेकरी) असलेल्या गाडीत मात्र तुम्ही विचारल्याशिवाय सॉकेटवर काहीच ऐकू येत नाही, तेव्हा शांतता म्हणजे बिघाड असं लगेच समजू नका.

काटा अडखळत चालतो

सगळे आकडे एकाच फेरीत विचारणं हे त्याचं नेहमीचं कारण. के-लाइन या एका तारेवरून बोलणाऱ्या जुन्या गाड्यांत वेग १०.४ किलोबिट, आणि दोन प्रश्नांमध्ये किमान ५५ मिलिसेकंद सोडावे लागतात. तिथे सेकंदाला मोजकीच उत्तरं मिळतात. ती कूलंटवर का उधळायची? आरपीएम दर फेरीला विचारा, तापमान पाच सेकंदांनी. ईएलएमला प्रश्नाच्या शेवटी १ जोडून दिला, म्हणजे ०१०सी१, तर पहिलं उत्तर मिळताच तो थांबतो, उगाच दुसऱ्या कंट्रोल युनिटची वाट बघत नाही. नकली अडॅप्टर हे मानेलच असं नाही.

डेटा जलद येतोय आणि तरी स्क्रीन लुकलुकते, तर दोष रंगवण्यात आहे. ३२० बाय २४० ची रंगीत स्क्रीन म्हणजे दर चित्राला सुमारे दीड लाख बाइट. १० मेगाहर्ट्‌झच्या एसपीआयवर (बोर्ड आणि स्क्रीनमधल्या जोडणीवर) त्याला सव्वाशे मिलिसेकंद लागतात. अख्खी स्क्रीन पुसून पुन्हा काढू नका, बदललेला भागच काढा.

आकडा खरा आहे, पण समजूत चुकीची

टर्बोचा बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब) दाखवताना मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) दाबातून सरळ १०० किलोपास्कल वजा करतात. समुद्रसपाटीला ते चालून जातं. दीड हजार मीटर उंचीवर हवेचा दाब ८५ किलोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे बूस्ट १५ ने कमी दिसेल. हवेच्या दाबाचा आकडा गाडी देत असेल तर तोच वापरा. नसेल तर इंजिन चालू करण्याआधी मॅनिफोल्डचा दाब वाचून ठेवा, तेव्हा आत बाहेरचीच हवा असते. शिवाय हा दाब एकाच बाइटमध्ये येतो, २५५ च्या वर जात नाही. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर आकडा तिथेच चिकटला तर टर्बो थकलेला नाही, बाइट भरलाय.

ऑइल प्रेशर ओबीडीच्या नेहमीच्या आकड्यांत नाहीच. त्यासाठी वेगळा सेन्सर बसवावा लागतो. दुसऱ्याच कुठल्या आकड्यावरून अंदाजाने काटा हलवणं धोक्याचं आहे.

कूलंटचा नवा आकडा ८८ वरून ९७, मग पुन्हा ९१ असा नाचताना बघून लोक घाबरतात. कंपनीचा काटा मुद्दाम मध्यभागी स्थिर ठेवलेला असतो, खरं तापमान थर्मोस्टॅट आणि फॅनप्रमाणे हलतच असतं. आठवडाभर नुसतं बघा, तुमच्या गाडीची नेहमीची रेंज समजून घ्या आणि मगच इशाऱ्याची पातळी ठरवा. वेगाचंही असंच. गाडीचा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाचा दंडक आहे, म्हणून कंपन्या तो थोडा चढाच ठेवतात. तुमच्या स्क्रीनवर ९६ आणि काट्यावर १०० दिसले तर कोडमध्ये गुणक घालून दोन्ही जुळवत बसू नका. शंका असेल तर जीपीएसशी ताडून बघा, आणि ते बघायचं काम शेजारच्या सीटवरच्या माणसाला द्या.