रुळाच्या कडंला घर असेल तर गाड्यांचा आवाज कमी कसा करायचा

रुळाजवळच्या घरात लोकं सगळ्यात आधी काय करतात तर फोमच्या शीट आणून भिंतीला चिटकवतात, कुणी अंड्याचे ट्रे लावतं, आणि आठ दिवसांनी म्हणतात काहीच फरक नाही. पडणारच नाही ना. फोम खोलीच्या आत घुमणारा आवाज शोषतो, बाहेरून येणारा अडवत नाही. तो अडवायला वजन लागतं आणि फट नसावी लागते, बस. नऊ इंची विटेची भिंत तिचं काम करतच असते, आवाज घुसतो तो खिडकीतून, दाराखालून, व्हेंटिलेटरमधून, आणि आपल्या मराठवाड्यात मेन म्हणजे कुलरसाठी ठेवलेल्या भगदाडातून.

आधी कोणता आवाज त्रास देतोय ते बघा. फाटकाच्या अलीकडं साधारण ६०० मीटरवर पिवळी पाटी असते, सी/फा म्हणजे सीटी/फाटक लिहिलेली, तिथून ड्रायव्हरला भोंगा वाजवावाच लागतो, त्यामुळं भोंग्याची तक्रार करून काही होत नाही, फाटक बंद होऊन खालून-वरून रस्ता झाला तरच तो कमी होतो. मनमाड-नांदेड लाईनला आता विजेची वायर आलीय, त्यामुळं आऊटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, डिझेल इंजिन धडधडत उभं राहायचं ते बरंच कमी झालं, पण चाकांची खडखड आणि मालगाडीची घरघर आहे तशीच. भोंगा आणि खडखड फटीतून येतात, त्यांचा बंदोबस्त होतो. मालगाडीचा जाडा आवाज आणि जमिनीतून येणारा हादरा हे अवघड प्रकरण.

फटी शोधायला उदबत्ती लावा. पंखा बंद, खिडकी-दार लावलेलं, आणि उदबत्ती चौकटीच्या कडंनी हळूहळू फिरवा, धूर जिथं वाकडा होतो तिथून हवा येतेय म्हणजे आवाजही तिथूनच येतोय. स्लायडिंग खिडकीच्या पट्ट्यांमधी जी केसाळ ब्रश पट्टी असते ती दोनचार वर्षांत झिजून टक्कल पडल्यासारखी होते, ती कोणताही अॅल्युमिनियमवाला बदलून देतो. लोखंडी खिडकी असेल तर काचेची पुट्टी वाळून निघालेली असते आणि गाडी आली की काच आपली स्वतःचीच वाजते, तिथं जुनी पुट्टी खरवडून सिलिकॉन मारा. दाराखाली रबरची पट्टी. चौकट आणि भिंतीच्या मधली भेग सिमेंटनं किंवा सिलिकॉननं भरा. हे सगळं स्वस्तातलं काम आहे आणि याच्या आधी महागड्या खिडक्यांकडं जाऊच नका.

एवढं करून भागलं नाही तर आतून दुसरी खिडकी बसवा. नऊ इंची भिंतीत जुन्या खिडकीच्या आत जागा असतेच, तिथं दोन खिडक्यांमधी निदान चार इंच अंतर ठेवून दुसरी फ्रेम लावायची, आणि काच वेगळ्या जाडीची घ्यायची, म्हणजे बाहेर ४ एमएम असेल तर आत ६ एमएम, कारण दोन्ही काचा सारख्या असल्या की एकाच सुराला दोघीही सोबत थरथरतात. दुकानदार अर्धा इंच गॅपची डबल काच गळ्यात मारायला बघतो, ती वाईट नाही, पण जाड्या आवाजाला चार इंचाची पोकळी जास्त कामाची. मधी प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच मिळाली तर अजून चांगलं. आणि खिडकी स्लायडिंग नको, दरवाज्यासारखी उघडणारी आणि रबरावर दाबून बसणारी घ्या.

आता कुलरचं बघू. नुसतं सगळं बंद करा म्हणणाऱ्याला मे महिन्यात परभणीत बसवलं पाहिजे. कुलर हवा आत ढकलतो, ती बाहेर जायला वाट नसली की खोली दमट होते आणि अंग चिकचिक करतं. म्हणून कुलर आणि हवा बाहेर जायची खिडकी दोन्ही रुळाच्या उलट्या बाजूला घ्या. झोपायची खोलीच तिकडं नेली तर उत्तमच, रुळाकडं किचन, संडास-बाथरूम आणि जिना जाऊ द्या. तसं जमत नसेल तर रुळाकडच्या भोकावर प्लायवूडची जाड पेटी बनवून घ्या, आतून हवेला एकदोन वळणं घ्यावी लागतील अशी, आणि आतल्या बाजूला फोम लावा, इथं मात्र तो फोम खरंच कामाला येतो, कारण आवाज दर वळणाला त्याच्यावर आपटतो आणि हवा निघून जाते. पेटीची वाट कुलरच्या तोंडापेक्षा अरुंद नको, नाहीतर कुलरचा दम कोंडतो. तसंही कुलर चालू असला की त्याच्या घोंगावण्यात चाकांची खडखड बरीच झाकली जाते. खरा त्रास डिसेंबर-जानेवारीत होतो, पंखा बंद, सगळं शांत, आणि थंडीच्या रात्री जमिनीजवळची हवा गार आणि वरची उबदार असल्यामुळं आवाज खाली वळतो, लांबच्या स्टेशनातली गाडीसुद्धा अंगणात आल्यासारखी वाटायली.

पत्र्याचं घर असेल तर भिंत आणि पत्र्याच्या नागमोडी मधली मोकळी जागा सगळ्यात आधी बुजवा. मग खाली जिप्समचं सिलिंग आणि वर ग्लासवूल म्हणजे काचेच्या धाग्यांची गादी, त्यानं ऊनही कमी लागतं. पीव्हीसीच्या पातळ पट्ट्यांचं सिलिंग दिसायला छान, आवाजाला जवळपास बिनकामाचं.

हादरा घरात बसून थांबत नाही, पण त्यानं वाजणाऱ्या वस्तू थांबवता येतात. मांडणीतली ताटं, कपाटाचं ढिलं दार, भिंतीवरचे फोटो, एकेक करून मागं रबराचे तुकडे लावा. पलंग रुळाकडच्या भिंतीपासून सुटा ठेवा, तिथं भरलेलं कपाट उभं करा.

झाडं लावा जरूर, सावलीला. चारपाच अशोकांच्या रांगेनं आवाज अडत नाही. कंपाउंड भिंत अडवते, पण ती भरीव पाहिजे आणि खिडकीत बसलं तर गाडीची चाकं दिसायला नकोत एवढी उंच, वरच्या मजल्याला तिचा उपयोग नाही. गच्चीवर झोपणाऱ्यांना फोमचे इअरप्लग, ते बोटात बारीक वळून, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे, नुसते तोंडाशी कोंबले तर काही होत नाही.

प्लॉट अजून घ्यायचा असेल तर रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकामाला रेल्वेची एनओसी लागते हे आधी विचारून घ्या, आणि जागा दुपारी बघू नका, रात्री बाराच्या पुढं एकदा मालगाडी जाईपर्यंत तिथं थांबा.