तंत्रनिकेतनातील प्रवेश : शुल्क, प्रवेश रद्द करणे आणि दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी

दहावीनंतर पदविका अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना पालक सर्वप्रथम शुल्काचा आकडा विचारतात. प्रवेश रद्द करण्याचे नियम रद्द करण्याची वेळ आल्यावर वाचले जातात आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सोयींची चौकशी बहुधा पहिल्या परीक्षेच्या तोंडावर होते. हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. विद्यार्थी दिव्यांग असेल तर त्याचे प्रमाणपत्र प्रवेशाचा प्रवर्ग आणि शिष्यवृत्ती या दोन्हींवर परिणाम करते, आणि कार्यशाळेत किंवा परीक्षेत वेळेवर मिळालेल्या सोयीमुळे पुष्कळदा प्रवेश रद्द करण्याची वेळच येत नाही. म्हणून महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांपुरती ही माहिती त्याच क्रमाने देत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे म्हणजे आयटीआयचे प्रवेश वेगळ्या संचालनालयाकडे असतात, त्यामुळे शुल्क आणि परताव्याचे पुढील नियम तेथे जसेच्या तसे लावू नयेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश असून अस्थिव्यंग, अंधत्व आणि कर्णबधिरत्व यांच्याबरोबर विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचीही नोंद आहे. कागदपत्रे गोळा करण्यापूर्वी ही यादी एकदा वाचावी, कारण आपल्या मुलाचा आजार ‘दिव्यांग’ या शब्दात बसतो हेच अनेक घरांना ठाऊक नसते. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखीव असतात व कमाल वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत असते. मात्र या दोन्ही गोष्टींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व नोंदलेले असावे लागते. प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, यांसाठी अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि तपासणी वैद्यकीय प्राधिकरणाकडे होते. या कामाला लागणारा वेळ आपल्या हाती नसतो. म्हणून दहावीच्या निकालाची वाट न पाहता परीक्षा संपताच ते हाती घ्यावे. प्रवेश अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना एकदा रिकामा राहिला, तर नंतर आणलेल्या प्रमाणपत्राने त्या फेरीतील राखीव जागा मिळवणे कठीण होते.

चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, प्रत्येक सोयीसाठी नाही. हा फरक लिपिकाच्या टेबलावर सर्वाधिक वेळा पुसला जातो. अधिनियमाच्या कलम ३ नुसार कोणत्याही दिव्यांग व्यक्तीस वाजवी सोयसुविधा मिळणे अपेक्षित आहे. लेखनिकाच्या, म्हणजे विद्यार्थ्याने सांगितलेली उत्तरे लिहून देणाऱ्या मदतनीसाच्या, बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात स्पष्ट केले की, लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला केवळ त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे म्हणून लेखनिक नाकारता येत नाही. केंद्र शासनाने अशा उमेदवारांसाठी १० ऑगस्ट २०२२ रोजी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही काढली. लेखी परीक्षेतील वाढीव वेळेचे केंद्र शासनाचे प्रमाण तासाला किमान २० मिनिटे असे आहे. त्यानुसार तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास जास्त मिळतो.

पदविकेची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळ घेते, त्यामुळे लेखनिक आणि वाढीव वेळ यांची मागणी प्राचार्यांमार्फत, परीक्षा अर्ज भरण्याच्या मुदतीतच मंडळाकडे जायला हवी. लेखनिक कोण चालेल, याचे नियम मंडळाच्या चालू परिपत्रकात पाहावेत. मागील वर्षाच्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

परीक्षेइतकाच, किंबहुना अधिक, विचार कार्यशाळेचा करावा. समजा, श्रवणदोष असलेली एक विद्यार्थिनी लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, उभी आहे. अनुभवी निदेशक कापाचा आवाज बदलला की हत्यार बोथट झाले हे ओळखतो आणि विद्यार्थ्यांनाही तसेच शिकवतो. या विद्यार्थिनीला तो आवाज मिळणार नाही, पण धातूच्या किसाचा रंग आणि आकार, पृष्ठभागावर उमटणारी रेघ व यंत्राची थरथर यांवरून तेच ओळखायला शिकवता येते, आणि धोक्याच्या सूचनेसाठी भोंग्याला दिव्याची जोड देता येते. हाताच्या हालचालीवर मर्यादा असलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी आरेखनाची शीट पूर्ण करण्यासाठी जास्त वेळ व उंची बदलता येणारे टेबल लागते. जिना न चढू शकणाऱ्याचा वर्ग तळमजल्यावर आणता येतो आणि त्यासाठी वेळापत्रकात एका खोलीचा बदल पुरतो. अशा गोष्टी ‘सहकार्य करावे’ एवढ्या मोघम वाक्याने मिळत नाहीत. अर्जात अडचण, तिच्यावरचा उपाय आणि तो कधीपासून हवा, हे तिन्ही लिहावे. उदाहरणार्थ, ‘मला उजव्या पायात कॅलिपर असल्याने जोडारी विभागात सलग दोन तास उभे राहून काम करणे शक्य होत नाही. तरी माझ्या व्हाइसजवळ बसून काम करण्यासाठी उंच स्टूल दि. … पासून उपलब्ध करून द्यावे, ही विनंती.’ अशा अर्जावर प्राचार्यांना हो किंवा नाही असे नेमके उत्तर द्यावे लागते, आणि ‘नाही’ असेल तर त्याचे कारण लेखी मागता येते.

एक तरतूद सहसा कोणी सांगत नाही. लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या १८ वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि योग्य ती सहायक साधने विनामूल्य देण्याची जबाबदारी कलम १७ ने शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. दहावीनंतर थेट पदविकेला येणारी मुले प्रवेशाच्या वेळी बहुधा सोळा-सतरा वर्षांची असतात, म्हणजे पहिली एक-दोन वर्षे ती या तरतुदीत येतात. मागणी समाजकल्याण अधिकाऱ्यांकडे लेखी करावी.

आता शुल्क. पावती हातात आल्यावर एकूण रकमेकडे पाहून ती घडी घालून ठेवू नये. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क आणि परत मिळणारी अनामत रक्कम हे आकडे वेगवेगळे लिहिलेले आहेत का, ते तेथेच पाहावे. माझ्या भाचीच्या प्रवेशाच्या वेळी एका खासगी संस्थेने दिलेल्या पावतीवर ‘शिक्षण शुल्क’ आणि ‘इतर’ अशा दोनच ओळी होत्या. दोन वर्षांनी अनामत रक्कम मागायला गेलो, तेव्हा ‘इतर’मध्ये ती नेमकी किती होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर आली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की, तपशील नसलेली पावती खिडकीवरूनच परत करावी आणि फोडवार पावती मागावी. रोख रक्कम देण्याचे टाळावे. संस्थेच्या नावाचा धनाकर्ष (डीडी) किंवा ऑनलाइन भरणा हाच पुढे पुरावा ठरतो.

सवलतींपैकी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र कुटुंबांतील विद्यार्थ्यांच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भाग शासन भरते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने त्याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत हा लाभ १०० टक्के केला. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा, ही त्यातील कळीची अट आहे. संस्था स्तरावरील व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर सवलतीवर पाणी सोडावे लागते. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘सक्षम’ शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. तिच्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न लागते व अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो. राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर दिव्यांगांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही आहे. दोन ठिकाणी अर्ज ठोकून देण्यापूर्वी दोन्हींच्या अटी शेजारी ठेवून वाचाव्यात आणि कोणती अधिक फायद्याची ते ठरवावे. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल, तर मंजूर झालेली रक्कमही अडकून पडते.

प्रवेश रद्द करण्याच्या बाबतीत सगळे काही तारखेवर अवलंबून असते. परिषदेच्या नियमानुसार अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रवेश सोडल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये प्रक्रिया शुल्क कापून बाकी सर्व रक्कम परत करावी लागते. अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर प्रवेश सोडला आणि प्रवेशाच्या अंतिम मुदतीपर्यंत त्या जागेवर दुसरा विद्यार्थी आला, तर गेलेल्या महिन्यांचे प्रमाणशीर शुल्क व वसतिगृहाचे भाडे कापून उरलेली रक्कम मिळते. वर्षाचे शुल्क ६०,००० रुपये असेल आणि विद्यार्थ्याने दोन महिने शिक्षण घेतले असेल, तर बारा महिन्यांच्या हिशेबाने १०,००० रुपये कापले जातील. जागा रिकामीच राहिली, तर केवळ अनामत रक्कम आणि मूळ कागदपत्रे परत मिळतात. तंत्रशिक्षण संचालनालयाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख छापलेली असते. ती प्रवेशाच्या दिवशीच भिंतीवरील कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

अर्ज केंद्रीभूत प्रक्रियेच्या संकेतस्थळावर आपल्या लॉगिनमधून करावा आणि त्यातून निघालेल्या प्रतीवर विद्यार्थ्याची व तो अठरा वर्षांखालील असेल तर पालकांचीही सही करून ती संस्थेत द्यावी. ‘सर, आम्ही येत नाही’ असे फोनवर सांगणे म्हणजे प्रवेश रद्द करणे नव्हे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. शिक्का देण्यास नकार मिळाला, तर तोच अर्ज त्याच दिवशी पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने पाठवावा. रद्द केलेला प्रवेश पुन्हा मागता येत नाही, म्हणून दुसरीकडील जागा हाती आल्यावरच हे पाऊल उचलावे.

पुढील वर्षांचे शुल्क भरल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला मिळणार नाही, असे काही ठिकाणी सांगितले जाते. परिषदेच्या नियमांत याला आधार नाही: संस्थेने मूळ दाखले अडवून ठेवू नयेत आणि प्रवेश रद्द करणाऱ्याकडे पुढील वर्षांच्या शुल्काची मागणी करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. असे उत्तर मिळाल्यास वाद घालत बसण्यापेक्षा ते लेखी मागावे. लेखी मागितले की पुष्कळदा दाखला कपाटातून बाहेर येतो.

तरीही काम झाले नाही, तर आधी संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे. ही समिती परिषदेच्या २०१९ च्या विनियमांनुसार आवश्यक आहे आणि तिच्यावरचे अपील लोकपालाकडे होते. त्याबरोबर एक प्रत तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयाला द्यावी. अशी कार्यालये मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर येथे आहेत. दिव्यांगत्वाशी संबंधित सोय नाकारली गेली असेल, तर तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे करता येते. तेथे जाताना सोयीसाठी केलेल्या पहिल्या अर्जाची आवक शिक्का असलेली प्रत सोबत न्यावी.